बंधाऱ्यावरचे फूट आणि उंबऱ्यावरचं पाणी

जुलै सरता सरता कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती फूट?" कशाचे फूट, हे विचारावं लागत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी या शहराला पाठ असते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. सांगलीत हेच आकडे आयर्विन पुलावर ४० आणि ४५ होतात. जुनी कोल्हापूरकर माणसं आकड्याच्याही आधी शिवाजी पुलाकडे बघतात. पुलाच्या दगडी बांधकामातल्या माशाच्या खुणेला पाणी टेकलं की "मच्छिंद्री झाली" म्हणतात, आणि नदीकाठच्या गल्ल्यांत सामान माळ्यावर चढू लागतं.

२००५ साली पंचगंगा ५० फुटांच्या आसपास गेली आणि सांगलीत कृष्णेने ५३ फूट ओलांडले. असा पूर पुन्हा आपल्या हयातीत येणार नाही, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर आणि आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. मग दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, कोल्हापूरने ५६ फूट ओलांडले.

या जिल्ह्याचा पुराचा धोका मोजायचा कसा आणि आपत्तीचा इतिहास लिहायचा कुणाच्या वहीतून, या प्रश्नाच्या दोन बाजू मी खाली दोघांच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहेत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. दुसरी त्यांची भाची, शिरोळ तालुक्यात तलाठी. दोघंही कल्पित आहेत, पण त्यांचं म्हणणं कल्पित नाही. पूर ओसरला की कोल्हापूर-सांगलीतल्या कितीतरी घरांत हे बोलणं होतं.

मामा: आधी नोंदवही उघडायची. कुठल्या साली, कुठल्या तारखेला, किती वाजता, किती पातळी. बाकी सगळ्या आठवणी. आठवणीतलं पाणी दरवर्षी दोन बोटं वाढतं. बंधाऱ्यावरची पट्टी वाढत नाही.

भाची: पट्टी खोटं बोलते असं मी कुठं म्हणतेय, मामा? पण ती बंधाऱ्याबद्दल बोलते. माझ्या गावात पाणी कुठं आलं, हे ती सांगत नाही. नरसोबाच्या वाडीला बघा, लोक फूट सांगतच नाहीत. "कितव्या पायरीला आलंय?" असं विचारतात. पाणी उत्तरेच्या दारातून आत येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. त्याच्याही पुढं चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात आणि वाटेवरची दुकानं उचलतात. कधी काय हलवायचं हे तिथं ठरलेलं आहे. त्यासाठी कुणाला मोबाईलवर आकडा बघावा लागत नाही.

मामा: वाडीचं देवस्थान नदीकाठीच वसलंय आणि पिढ्यान्‌पिढ्या पूर बघतंय. ती शिस्त शहरातल्या नव्या कॉलनीला कुठून येणार?

भाची: नाही येणार. म्हणून तर म्हणते की तुमचा धोक्याचा आकडा सगळ्यांना एकच लावू नका. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट. आयर्विनला इशाऱ्याचे ४० फूट व्हायच्या आतच तिथं पाणी शिरतं. सरकारी भाषेत तेव्हा नदी इशारा पातळीच्या खाली असते. तिथल्या बाईनं काय समजायचं? इशाराच नाही म्हणून चूल पेटती ठेवायची? कोल्हापुरातला सुतारवाडा घ्या. तिथली घरं दरवर्षी सगळ्यांच्या आधी चित्रदुर्ग मठात हलतात. त्यांचा धोका ४३ फुटांवर सुरू होत नाही.

मामा: हे मान्य. पण म्हणून आकडा टाकाऊ ठरत नाही. आकड्याशिवाय रेषा कशी आखशील? निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती. तिच्या आत बांधकाम निषिद्ध. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून बांधकाम. हे कागदावर आज नाही आलं, खात्यात कित्येक वर्षांपासून आहे.

भाची: आणि तीच रेषा लोकांना उलटी कळते. "शंभर वर्षांनी एकदा ना? मग २०१९ ला येऊन गेला, आता आपल्या नातवंडांनी बघायचं." दोन वर्षांत पुन्हा आला.

मामा: चूक समजतात, कारण आम्ही नीट सांगितलं नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कुठल्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा ती कमी होत नाही. २५ वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी ४ टक्के. आता एखाद्यानं निळ्या रेषेच्या कडेला घर घेतलं आणि २० वर्षांचं कर्ज काढलं, तर हप्ते फिटायच्या आत पाणी त्याच्या दारात एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, ५६ टक्क्यांच्या आसपास. लाल रेषेच्या कडेला तीच १८ टक्के. हे गणित कर्ज देणाऱ्यानं केलेलं नसतं, घर विकणाऱ्यानं केलेलं नसतं. मग घेणाऱ्याला कोण सांगणार?

हे ५६ टक्के मी पुन्हा करून बघितले, आकडा बरोबर आहे. माझ्या मते कोल्हापूर-सांगलीत नदीच्या अंगाला जागा घेणाऱ्या प्रत्येकाला सात-बारा आणि एनएच्या कागदासोबत हा आकडा दिला पाहिजे. तोही जिन्यावर डकवलेल्या पत्रकात नको, खरेदीखतातच हवा.

भाची: मामा, पण हे गणित कशावरून? मागच्या नोंदींवरून. आणि मागच्या सगळ्या नोंदी मोडणारे दोन पूर लागोपाठ आले. मग शंभर वर्षांची रेषा अजून शंभर वर्षांचीच राहिली का?

मामा: नाही राहिली. नोंद बदलली की रेषा बदलायची, नियमच आहे तो. आणि इथंच घोडं अडतं. रेषा थोडी वर सरकली की परवाने अडकतात, जमिनीचे भाव पडतात. मग सगळे एका सुरात म्हणतात, रेषा चुकली.

भाची: म्हणणारे कोण असतात तेही सांगा की. ओढ्यात भर टाकून प्लॉट पाडणारे. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या कडेनं बघा. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढं जायचं थांबतं, उलटं शहरात येतं. पूर्वी त्या पाण्याला पसरायला मोकळी जागा होती. आता तिथं पार्किंग आहे. आणि पूररेषेची पहिली नोटीस कुणाला जाते? पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्याला.

मामा: अतिक्रमण ते अतिक्रमण. मोठ्याचं असो की छोट्याचं.

भाची: कागदावर. गावात या, दाखवते. जुनं गावठाण पांढरीवर आहे, उंचावर. ज्यांनी गाव वसवलं त्यांना पाणी कळत होतं. काळीत कुणी घर बांधत नव्हतं. मग कुटुंबं वाढली, गावठाणात जागा उरली नाही, आणि भूमिहीनांना घरकुलं दिली ती कुठं? खालच्या अंगाला, कारण रिकामी सरकारी जागा तिथंच होती. ज्या सरकारनं त्यांना तिथं बसवलं तेच सरकार आता रेषा दाखवतंय. २०१९ ला पांढरीवरच्या वाड्याच्या पायरीला पाणी लागून परत गेलं. खाली घरकुलांच्या फक्त पत्र्याच्या कडा दिसत होत्या.

इथे मामा काही बोलले नसते असं मला वाटतं. नकाशावर लाल रेषा एकाच जाडीची असते. तिच्या आत कोण कसं पोचलं, हे तिला दाखवता येत नाही.

मामांच्या मुद्द्यांकडे वळण्याआधी नद्यांची घडण सांगायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आणि लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. ती कोल्हापूरला वळसा घालून नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. कृष्णेला त्याआधी कराडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळालेली असते. म्हणजे शिरोळ तालुक्यात तीन जिल्ह्यांचा पाऊस एकत्र येतो: सातारा, सांगली, कोल्हापूर. प्रत्येक नदीचा पूर वेगळ्या वेळी आला तर काठावरची माणसं निभावून नेतात. दोन-तीन नद्यांचे लोंढे एकाच दिवशी वाडीला पोचले की तालुका पाण्यात जातो, आणि उतार फार कमी असल्याने तिथलं पाणी ओसरायलाही सगळ्यांहून उशीर लागतो.

आता कायदा बघू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याने आपला स्वतंत्र आपत्ती आराखडा करायचा असतो आणि दरवर्षी तो तपासायचा असतो. त्यासाठीच्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. व्यवस्था चांगली आहे, पण नदी जिल्ह्याच्या हद्दीवर थांबत नाही. शिरोळच्या माणसाचा धोका महाबळेश्वरच्या पावसात आणि कोयनेच्या दरवाजांत असतो, आणि ही दोन्ही ठिकाणं साताऱ्याच्या आराखड्यात असतात.

भाची: हेच तर लोक म्हणतात. धरणं आधीपासून भरून ठेवली, पाऊस आल्यावर दरवाजे उघडले आणि आम्हाला बुडवलं.

मामा: २०१९ ला या बोलण्यात थोडं तथ्य होतं, कारण ऑगस्टच्या सुरुवातीलाच धरणं भरत आली होती. पण २०२१ बघ. जुलैचा तिसरा आठवडा, कोयना काठोकाठ भरलेली नव्हती. तरी कोल्हापुरात पाणी २०१९ पेक्षा वर गेलं. ते कुठून आलं? धरणांच्या खालचं मुक्त पाणलोट. दोन-तीन दिवसांत तिथं जो पाऊस कोसळला त्याला अडवायला धरणच नव्हतं. दरवाजा कुणी उघडला, हा प्रश्नच तिथं येत नाही. आणि दुसरं: कोल्हापूर वर गेलं, पण सांगली २०१९ पेक्षा खाली राहिली. एकाच वर्षी, एकाच खोऱ्यात. म्हणून म्हणतो, पुराला एकच आरोपी शोधू नकोस.

भाची: पण धरणात जागा ठेवता येते ना?

मामा: येते. किती, ते ऐक. १ लाख क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की ८.६४ टीएमसी होतं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यातले १० टीएमसी ऑगस्टमध्ये रिकामे ठेवले, तर लाख क्युसेकचा लोंढा तू साधारण २८ तास अडवू शकतेस. ऐकायला कमी वाटतं. पण कोयनेचा लोंढा २८ तास उशिरा आला आणि तेवढ्यात वारणेचा पुढं निघून गेला, तर सांगलीत काही फुटांचा फरक पडतो. आता दुसरी बाजू. तू जागा ठेवलीस आणि ऑगस्टनंतर पाऊस ओढला. वीज कमी, उन्हाळ्यात पाणी कमी, आटपाडी-जतचा शेतकरी रस्त्यावर. तेव्हा कार्यकारी अभियंत्याच्या बाजूनं कोण उभं राहतं? मी पाहिलंय. कुणी नाही.

भाची: म्हणून अधिकारी धरण भरून घेतो. भरलेल्या धरणाबद्दल कुणाची चौकशी होत नाही.

मामा: होत नव्हती. आता हवामानाचा अंदाज पूर्वीपेक्षा बराच बरा मिळतो, त्यावर आधी पाणी सोडता येतं. पण त्यासाठी निर्णय चुकला तर एकट्यावर येणार नाही, असा लेखी नियम पाहिजे.

भाची: आणि कर्नाटकातलं अलमट्टी धरण? त्याबद्दल बोललं की तुम्ही हसता.

मामा: हसत नाही. २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली होती. तिनं सांगितलं की त्या पुराचं कारण अलमट्टीचा फुगवटा नाही. अतिवृष्टी, नदीपात्रातली आणि काठची अतिक्रमणं, अडथळे ही कारणं तिनं पुढं केली. अलमट्टीची सध्याची पूर्ण पातळी ५१९.६ मीटर. सांगलीचं पात्र त्याच्या वर आहे.

भाची: सांगलीचं वर आहे. पण राजापूर बंधाऱ्याच्या खाली, हद्दीवर, कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्याच्या अंगाला नदी कशी चालते ते शिरोळच्या माणसाला विचारा. खिद्रापूरचा माणूस सांगतो की पूर्वी पाणी चढायचं तसं उतरायचं, आता उतरत नाही. तो अभियंता नाही, पण नदीच्या काठी जन्म काढलाय त्यानं. आणि धरण ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायचं चाललंय.

मामा: त्या उंचीला लवादानं २०१० मध्ये परवानगी दिली, महाराष्ट्राचा विरोध आहे. उंची वाढली तर काय होईल हा प्रश्न रास्त आहे, आणि तो २०१९ ला काय झालं या प्रश्नाहून वेगळा आहे. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की फायदा कुणाचा होतो सांगू? भराव टाकून रस्ता केलेल्यांचा. ओढा बुजवलेल्यांचा. सगळे बोटं कर्नाटकाकडं करतात आणि शिरोलीचा भराव तसाच राहतो. महामार्ग नदीच्या पूरपट्ट्यात आडवा भराव टाकून नेला, पाण्याला जायला मोऱ्या ठेवल्या चार. तिथं खांबांवरचा पूल पाहिजे, हे लोक कधीपासून मागतायत.

भाची: हे मात्र आमच्या गावातही कुणाला पटवावं लागणार नाही. भरावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याला फुगवटा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही.

अलमट्टीच्या बाबतीत मी मामांच्या बाजूने झुकतो, पण पूर्णपणे नाही. समितीचा निष्कर्ष एका पुरापुरता आहे. खिद्रापूरच्या शेतकऱ्याचं "पाणी उतरत नाही" हे निरीक्षण अनेक पुरांचं आहे. त्याला खोडायचं असेल तर दर पुरात पाणी उतरायला किती दिवस लागले याच्या गावनिहाय नोंदी हव्यात. पूर चढताना तासातासाला पातळी लिहिणारं खातं पाणी उतरताना गावात थांबत नाही.

मामा: आता तुला आवडणार नाही असं बोलतो. शेवटी उपाय एकच. जी गावं दर मोठ्या पुरात बुडतात ती हलवायची. १९८९ च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या. उंचावर, सुरक्षित. ३० वर्षांनी, २०१९ ला, जवान चिखलीतून बोटीनं कुणाला काढत होते? त्याच लोकांना. सरकारनं काय करायचं बाकी ठेवलं होतं?

भाची: जागा दिली हे खरं. पण मामा, तुम्ही प्लॉट बघताय, त्या घरातला दिवस बघत नाही. पहाटे ४ ला म्हशीची धार. गोठा गावात, शेत नदीकाठी, वैरण शेतात. सोनतळीच्या प्लॉटवर घर होईल, चार म्हशींचा गोठा आणि वैरणीची गंजी कुठं होईल? एका भावानं तिकडं घर बांधलं, दुसरा गोठा सांभाळायला इकडं राहिला. म्हातारी तर जातच नाही. मग पोरं मोठी झाली, वाटण्या झाल्या, जुनी घरं पुन्हा उभी राहिली. कोणी हट्टानं नाही राहिलं. दूध आणि ऊस तिथं आहे म्हणून राहिलं.

मामा: म्हशीसाठी माणसानं बुडायचं?

भाची: म्हैस गेली तर ते घर कर्जानं बुडतंय, पाण्यात नाही इतकंच. पुराच्या रात्री माणसं घरातून निघत नाहीत याचं पहिलं कारण विचाराल तर जनावरं. दावं सोडून जनावर हाकललं तर कुठं जाईल? आमच्या तालुक्यात बोट येते ती माणसांसाठी. जनावरांना आधीच, पाणी यायच्या दोन दिवस आधी, चारा-पाण्यासह कुठं न्यायचं हे ठरलेलं असेल तर माणूस आपोआप निघतो. हे कुठल्याही लाल रेषेत लिहिलेलं नाही.

मामा: ऊस तरी नदीच्या काठापर्यंत लावायचा थांबवाल का? पात्र अर्धं खाल्लंय उसानं.

भाची: ऊसच का लावतात तेही ऐका. सोयाबीन, भुईमूग चार दिवस पाण्यात राहिलं की संपलं. ऊस उभा राहतो. पोंग्याच्या वर पाणी गेलं नाही तर तो वाचतो, कारखाना नेतो. पोंग्यात पाणी बसलं की मात्र आतून कुजतो, वरून हिरवा दिसतो. २०१९ ला मी बांधावर उभी राहून पोंगे मोडून बघितलेत, हाताला वास यायचा. पुरात त्यातल्या त्यात तग धरणारं पीक म्हणूनच शेतकऱ्यानं ऊस धरलाय. त्याला तुम्ही अडथळा म्हणता.

मामा: दोन्ही खरं असू शकतं. तो तग धरतो आणि पाण्याला अडवतोही.

या वादात कोण जिंकलं हे मला सांगता येत नाही, आणि सांगूही नये. पण सोनतळीचा धडा मला भाचीच्या बाजूने दिसतो. पुनर्वसन म्हणजे घरासाठी जागा, एवढंच धरलं तर गाव अर्धं हलतं आणि अर्धं गाव हलवणं हे न हलवण्यापेक्षा वाईट असतं, कारण कागदोपत्री ते सुरक्षित झालेलं असतं आणि पुढच्या पुरात त्याच्यासाठी वेगळी तरतूद कुणी करत नाही.

भाची: आता माझ्या वहीचं ऐका. पूर ओसरला की आम्ही पंचनाम्याला जातो. घर कच्चं की पक्कं, पूर्ण पडलं की अंशतः, जनावरं किती, धान्य किती भिजलं. कपड्या-भांड्यांची मदत मिळायला घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असावं लागतं. म्हणून पाणी किती दिवस होतं हे लिहितो, पण दोन दिवस पुरे झाले की नाही एवढ्यापुरतं. पाणी किती वाजता उंबऱ्याला लागलं, कुठून आलं, नदीकडनं की ओढ्याकडनं, भिंतीवर किती उंच गेलं, हे मी भरलेल्या एकाही पंचनाम्यात नाही. लिहायला रकानाच नाही. भिंतीवरची चिखलाची रेघ त्या दिवशी ताजी असते. दिवाळीला चुना लागतो आणि रेघ जाते.

मामा: आणि माझ्या नोंदवहीत तासातासाची पातळी आहे, पण तिथं एकही घर नाही.

भाची: तेच म्हणतेय मी मघापासून. ८ ऑगस्ट २०१९, सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. गावाची बोट, माणसं जास्त, बोट उलटली, १७ माणसं गेली. नदीकिनारचं गाव, पूर आधीच्या दिवसांपासून चढतोय, आयर्विनची पातळी सगळ्या राज्याला माहीत. मग ती माणसं शेवटच्या बोटीपर्यंत गावात का होती? आयर्विनला किती फूट झाले म्हणजे गावातून बाहेर पडायचा शेवटचा रस्ता बंद होतो, हे कुणी त्यांना आधी सांगितलं होतं का? बाकी सगळं त्यांना माहीत होतं. हा एकच आकडा कुणाकडं नव्हता.

मामा: रस्ता. बरोबर आहे. पाणी घरात येण्याच्या आधी रस्त्यावर येतं. कितीतरी गावांत घरं कोरडी आणि गाव बेट झालेलं असतं.

भाची: मग धोका घराच्या पातळीवरून कशाला ठरवायचा? रस्त्याच्या सगळ्यात खोलगट जागेवरून ठरवा.

मला या सगळ्या संवादातली सर्वांत कामाची गोष्ट हीच वाटते. जिल्ह्याचा आपत्तीचा इतिहास आज दोन कपाटांत आहे. एकात पातळ्या, एकात पंचनामे. पहिल्याच्या आधारे रेषा आखतात, दुसऱ्याच्या आधारे मदत वाटतात, आणि मदत वाटून झाली की ते गठ्ठे बांधून ठेवतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांचे पंचनामे गल्लीनिहाय उघडून बंधाऱ्यावरच्या त्या त्या तासाच्या पातळीशेजारी ठेवले, तर प्रत्येक गावाला स्वतःचा धोक्याचा आकडा मिळेल. त्यासाठी परदेशी सल्लागार नको, नवं धरण नको. कृष्णेच्या पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याच्या मोठ्या योजनेची चर्चा चालू आहे. ती होईल तेव्हा होवो. हे काम येत्या पावसाळ्याच्या आत होऊ शकतं, आणि ते होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मामा: मे महिन्यात ये घेऊन मला गावात. डंपी लेव्हल लावू. खात्याची बेंचमार्कची खूण जवळ कुठं आहे ते मी शोधतो. रस्त्याचा खोलगट भाग, शाळेचं जोतं, घरकुलांचे उंबरे, देवळाची पायरी. सगळ्याची उंची घेऊ. एकदा उंची मिळाली की २०१९ चा आणि २०२१ चा पूर तुझ्या गावावर मांडून दाखवतो.

भाची: आणि विजेच्या खांबांवर पट्टे मारायचे. बंधाऱ्यावर इतके फूट झाले की इथं पाणी. पोरांनासुद्धा वाचता आलं पाहिजे.

मामा: पट्टे मार. पण फुगवट्यात पाण्याची उंची सगळीकडं सारखी नसते, आणि नदी दर पुरात सारखी चालत नाही. पट्ट्याखाली लिही, हे २०२१ चं पाणी आहे म्हणून. पुढचं याच्या वर येऊ शकतं.

भाची: लिहीन. एक मात्र आधीच सांगते. गावाच्या आराखड्यात निवारा केंद्र म्हणून शाळा दाखवलीय. शाळेचं जोतं लाल रेषेच्या खाली निघालं तर?

मामा: तर तहसीलदारांना तसं लेखी कळवायचं आणि दुसरी इमारत सुचवायची. तुझ्या सहीनं.

भाची: गावात दुसरी उंच इमारत एकच आहे, मामा. ज्यांचा वाडा पांढरीवर आहे त्यांची. आणि त्यांच्या अंगणात घरकुलांतली माणसं २०१९ ला पण गेली नव्हती.

मामा: का?

भाची: कुणी बोलावलं नव्हतं.